बाबांना तिथं कोण उचलेल?

बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा आई अमरावतीत मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाक करायची. सकाळच्या पोळ्या उरकून ती अकराला घरी येई, बाबांना उचलून बसवी, पुसून काढी, भरवी, कूस बदलून देई आणि पुन्हा संध्याकाळच्या पोळ्यांना जाई. अकरा वर्षं हेच. बाबा अंगानं थोराड होते. उजवी बाजू गेली, वाचा गेली, राग मात्र राहिला. चांगल्या हातानं ते कधी ताट उडवायचे, कधी आईच्या तोंडावर मारायचे.

"त्यायले समजत नाई आता," आई म्हणायची.

मी एकुलती एक. लग्न होऊन अकोल्याला गेले, तिथल्या शाळेत लागले. महिन्यातून एकदा अमरावतीला यायचे आणि निघताना म्हणायचे, "चार दिवस चाल ना माझ्याकडे." "मंग यायले कोण पाहीन?" ती विचारायची. त्या प्रश्नानं माझी दर वेळी सुटका व्हायची.

बाबा गेले तेव्हा चर्चच्या मंडळीतल्या बायका आईला म्हणाल्या, आता तरी आराम करा. तिनं काम सोडलं आणि एक पिशवी घेऊन पहिल्यांदाच माझ्याकडे राहायला आली. आठव्या दिवशी तिला घास गिळेना. पोटात गाठ निघाली, पसरलेली. हे बरेच दिवसांचं असणार, दुखत नव्हतं का, असं डॉक्टरांनी विचारलं.

"दुखे न जी. पण वाकलं का सारंच दुखे."

तिला अमरावतीच्या घरीच जायचं होतं. मी रजा टाकून तिला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आमचे पास्टर आले. तरुण होते, दोनच वर्षांपूर्वी या मंडळीत आलेले. त्यांनी स्वर्गातल्या विसाव्याबद्दलचा उतारा वाचला. तिथं दुःख नाही, रडणं नाही, कष्ट नाहीत. आई डोळे मिटून ऐकत होती. प्रार्थना झाल्यावर तिनं विचारलं, "पास्टर साहेब, तिथं हे भेटतीन का मले?"

"भेटतील की, मावशी. वाट पाहत असतील तुमची."

आईचा चेहरा उतरला. "मंग त्यायले मलेच उचला लागन का?"

पास्टरांनी बायबल मिटलं. "नाही मावशी. तिथं ते आपल्या पायानं चालतील."

"अन् हात नाई न उगारणार?"

"आजारात माणसाला भान राहत नाही, मावशी—"

"आजारानं नाई जी. आधीपासूनच."

पास्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. लहानपणी आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसलेली मी सगळं ऐकायचे, आणि मोठी झाल्यावरही त्याबद्दल तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मग पास्टर खुर्चीवरून उठून तिच्या खाटेशी खाली बसले.

"तिथं तुमच्यावर कोणीच हात उगारणार नाही," ते म्हणाले. "प्रभू उगारू देणार नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

"मंग जाते मी," आई म्हणाली.

पण जाणं सोपं झालं नाही. एकोणीस दिवस लागले. इंजेक्शनं पुरेनाशी झाली. शेवटी शेवटी तिनं मला ओळखलं नाही. मी हात लावला की ती हातानं चेहरा झाकून घ्यायची. एका दुपारी ती गेली.

दफनभूमीत बाबांच्या शेजारची जागा तिच्यासाठी राखलेली होती. मी म्हटलं, तिथं नको, पलीकडे भिंतीजवळ खणा.

"काहून?" काका भडकले. "नवराबायकोले वेगळं काहून ठेवून राहिली तू?"

पास्टर पुढे झाले. "मुलगी म्हणते तिथंच," एवढंच ते बोलले.

पेटी भिंतीजवळच्या खड्ड्यात उतरली. ती प्रभूच्या विसाव्यात गेली, असं पास्टर म्हणाले. कॉलेजात असल्यापासून माझा स्वर्गावर विश्वास उरला नव्हता, पण त्या वेळी मी मोठ्यानं आमेन म्हटलं. काका मातीची मूठ न टाकताच निघून गेले. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत. आईनं मला वेगळी जागा मागितली नव्हती. विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, हे मला आजही ठाऊक नाही.