परवाची बाटली

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी यरुशलेममधल्या एका प्रयोगशाळेत लाबोरांत होतो, म्हणजे संशोधकांच्या हाताखालचा तंत्रज्ञ. तिथे मेंदूवर काम चालायचं. तिथे मी एका बाईचं नुकसान केलं आणि नऊ वर्षं गप्प बसलो. त्याच महिन्यात मला जे दिसलं, तसं अद्भुत काही मी पुन्हा पाहिलेलं नाही. या दोन गोष्टी एकमेकींत इतक्या गुंतल्या आहेत की एक सांगायची तर दुसरी सांगावीच लागते.

त्या बाईंना मी मावशी म्हणायचो. नात्याच्या नव्हत्या. आमच्यासारख्याच मराठी ज्यू, कोकणातून मुंबईला आणि मुंबईहून इस्राएलला आलेल्या. रामल्याला राहायच्या, पहाटेची बस धरून कामावर यायच्या. कागदोपत्री त्या काचसामान धुणाऱ्या होत्या. शाळा चार इयत्ता. मी मुंबईत इंटर सायन्स पास झालो होतो, म्हणून त्यांनी माझं नावच 'इंटर सायन्स' ठेवलं होतं.

"काय इंटर सायन्स, आज उंदरांनी तुला चावलं की तू उंदरांना?"

डॉक्टरबाई, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख, युरोपातून आलेल्या होत्या. मोजकं बोलणाऱ्या आणि न्यायी. त्यांना कॅटॅलेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, लागायचं. आपल्या शरीरात प्राणवायू वापरला जाताना हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. जखमेवर लावतो तेच. ते साठलं तर पेशी मरते, आणि कॅटॅलेज त्याचं पाणी करून टाकतं. परदेशातून मागवलेलं विकर यायला महिने लागत, म्हणून आम्ही ते बैलाच्या यकृतातून काढायचो. ते काम मावशींच्या हाताला असं बसलं की डॉक्टरबाईही थक्क झाल्या. पहिल्या दिवशी मात्र मावशींनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "कलेजी भाजायची नाही? रक्तासकट? अरे, हे पाप कोणाच्या माथ्यावर?" आमच्या घरी कलेजी विस्तवावर धरून रक्त जाळल्याशिवाय कोणी शिवत नाही. इथे तर विस्तवानेच विकर मरतं. हे कोणी खायचं नाही हे पटल्यावर त्यांनी यंत्र नाकारलं. "मशीन गरम होतंय, तुला कळत नाही?" थंड खोलीत, अंगात दोन स्वेटर घालून, बर्फात ठेवलेल्या खलात त्या कलेजी वाटायच्या. मग मीठ थोडं थोडं घालत साका बसवायच्या. त्यांच्या बाटलीतल्या एका थेंबाला पेरॉक्साइड लागलं की दूध उतू जावं तसा फेस वर यायचा.

त्या वर्षी डॉक्टरबाईंनी त्यांना लाबोरांतीतची, म्हणजे बाई तंत्रज्ञाची, जागा मिळावी म्हणून अर्ज केला होता, आणि तिच्यासोबत क्वियुत, म्हणजे कायम नोकरी. मावशी विधवा होत्या, मुलगी सक्तीच्या लष्करी सेवेच्या वयाची. हातात झाडू किंवा ब्रश नसलेलं काम त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळणार होतं.

प्रयोग असा होता. उंदराच्या मेंदूच्या पातळ चकत्या खारट पाण्यात जिवंत ठेवायच्या. त्यांच्यावर एक निरोप्या रसायन सोडलं की पेशीतल्या काही प्रथिनांवर फॉस्फेटची खूण बसते. ती प्रथिनं म्हणजे निरोप पुढे नेणारे हरकारे. किरणोत्सर्गी फॉस्फेट वापरलं तर ही खूण एक्स-रेच्या फिल्मवर काळ्या पट्ट्यासारखी उमटते. डॉक्टरबाईंचा कयास होता की कॅटॅलेज घातलं तर चकत्या जास्त निरोगी राहतील आणि पट्टे अधिक ठळक येतील. शुक्रवारी उकळून मारलेलं विकर घालून तुलनेचा प्रयोग करायचा, रविवारी जिवंत विकर घालून खरा. काहीच न घातलेल्या चकत्या दोन्ही दिवशी सोबत असणार होत्या.

मावशींची हिब्रू लिहिण्याची गती फार कमी. बाटल्यांवर चिकटपट्टी लावून त्या मराठीत लिहायच्या, आणि ते वाचणारा तिथे मी एकटा. शुक्रवारी शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, स्वयंपाकासाठी त्या लवकर गेल्या. मी थंड खोलीत गेलो तेव्हा फळीवर दोन बाटल्या होत्या. एकीवर लिहिलं होतं 'आजची', दुसरीवर 'परवाची'.

बुधवारी त्यांनी माझ्यासमोरच एक बाटली उकळली होती. शुक्रवारी उभा राहून मी हिशेब केला: परवाची म्हणजे बुधवारची, म्हणजे मेलेली. आजची म्हणजे ताजी, ती रविवारसाठी. त्यांच्या मनात मात्र बाटली कधी वापरायची हे होतं. आजची म्हणजे आज वापरायची, बुधवारी उकळलेली. परवाची म्हणजे रविवारी वापरायची, शुक्रवारीच सकाळी काढलेली, सळसळती. मराठीत परवा मागेही असतो आणि पुढेही. हिब्रूत त्याला दोन वेगळे शब्द आहेत.

शब्दावर ढकलता आलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं. नियम होता की प्रत्येक बाटलीतला एक थेंब पेरॉक्साइडवर टाकून पाहायचा आणि वहीत खूण करायची. अर्ध्या मिनिटाचं काम. शब्बाथमुळे दुपारनंतर बसगाड्या बंद होणार होत्या, मला आईकडे जायचं होतं. मी थेंब टाकला नाही आणि खूण मात्र केली. रविवारी मावशी मुलीला लष्कराच्या भरती केंद्रावर पोचवायला गेल्या होत्या. त्या दिवशीही मी थेंब टाकला नाही. शुक्रवारची खोटी खूण उघडी पडेल अशी भीती मनात कुठेतरी होतीच. आणखी एक खूण केली.

फिल्म धुऊन आली. रविवारच्या चकत्यांवर पट्टे नेहमीसारखे. शुक्रवारच्या, म्हणजे वहीप्रमाणे मेलेलं विकर घातलेल्या चकत्यांवर, निरोपाचे पट्टे जवळजवळ नाहीतच; त्याच दिवशीच्या काहीच न घातलेल्या चकत्यांवर मात्र होते.

डॉक्टरबाईंनी फिल्म बराच वेळ प्रकाशासमोर धरली. "उकळलेल्या विकराने संदेश बंद पडतो? मग विकराचा प्रश्नच नाही. हिच्या अर्कात काहीतरी विषारी घाण आहे, एका बाटलीत असते, दुसरीत नसते." आणि मग, खाली ठेवता ठेवता, "चूक माझी. हे स्वयंपाकघर नाही."

अर्ज मागे घेतला गेला. मावशींनी मला विचारलं, "तू होतास ना? माझ्या हातून काय मिस्टेक झाली?" मी म्हटलं, "कळत नाही, मावशी." त्या वेळी मला खरंच कळत नव्हतं, एवढंच माझ्या बाजूने आहे.

आठ दिवसांनी मला त्यांच्या बाटल्या ओतून टाकायला सांगितलं. नळाखालच्या भांड्यात कोणीतरी पेरॉक्साइड ठेवलं होतं. 'परवाची' त्यात ओतली आणि फेस भांड्याबाहेर, माझ्या मनगटावर, कट्ट्यावर आला. 'आजची' ओतली. काहीच झालं नाही.

मी ओल्या हातांनी उभा राहिलो. पहिल्यांदा कळलं की बाटल्या मीच उलट वापरल्या होत्या. मग, लाज वाटते सांगायला, दुसरंच काहीतरी झालं. मनातल्या मनात मी फिल्मचे दोन भाग अदलाबदल करून पाहिले. जिवंत विकराने निरोप पुसला होता. चकत्या मेल्या नव्हत्या, त्यांचे बाकीचे पट्टे जागेवर होते. फक्त तेवढे हरकारे खूण न घेता उभे राहिले होते. म्हणजे ज्या पेरॉक्साइडला आम्ही विष म्हणत होतो, त्याच्याच हातात निरोप होता. मेंदू स्वतःच ते कणभर तयार करत असला पाहिजे, आणि हे विकर, ज्याला आम्ही झाडूवाला समजत होतो, ते निरोप किती वेळ जगेल हे ठरवत होतं. मी तिथे उभा राहून हा विचार करत होतो तेव्हा माझ्या डोक्यातही तेच चाललं असणार. एक ठिणगी, तिला विझवणारा हात, आणि त्या दोघांच्या मधल्या क्षणात माझा विचार. सिनेगॉगमध्ये तोराची पवित्र गुंडाळी बाहेर काढताना लहानपणी अंगावर यायचा तसा काटा आला.

पुढच्या आठवड्यात सगळे गेल्यावर, 'परवाची'च्या तळाशी राखून ठेवलेल्या चमचाभर अर्कावर मी प्रयोग चोरून पुन्हा केला. या वेळी थेंब टाकून पाहिला. पट्टे पुन्हा गेले.

जगात हे जाणणारा कदाचित मी एकटाच होतो, आणि बोललो तर खोट्या खुणा उघड होणार होत्या. त्याच वर्षी माझीही क्वियुत ठरायची होती. ती झाली. मावशी काही महिने बाटल्या धूत राहिल्या, मग रामल्याजवळ एका डबाबंद फळांच्या कारखान्यात लागल्या.

नऊ वर्षांनी आमच्याकडे पाहुणा म्हणून आलेला एक तरुण संशोधक व्याख्यानात सहज म्हणून गेला, "पेरॉक्साइडसारखी विषंही कदाचित काही सांगत असतील." दोघेतिघे हसले. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "आपल्याकडे तेव्हा स्वच्छ अर्क असता तर हे तपासता आलं असतं," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या.

त्या शुक्रवारी मी रामल्याला मावशींच्या घरी गेलो. मुलीने दार उघडलं, मला ओळखलं नाही. मावशी तांदूळ निवडत होत्या. मी बसलो आणि सगळं सांगितलं, वहीतल्या खुणांसकट. मुलीला मराठी अर्धीच कळायची. ती आईला हिब्रूत म्हणाली, "याला काय हवंय?"

मावशींनी तिला हातानेच थांबवलं. "म्हणजे माझा माल चांगला होता?"

"तितका चांगला पुन्हा कोणी काढला नाही."

"नऊ वर्षं." त्यांनी ताट बाजूला सरकवलं. "नऊ वर्षं मी माझ्या हातांना शिव्या देते आहे, रे. कारखान्यात सुपरवायझर हो म्हणाले, मी नको म्हटलं. म्हटलं, आपल्या हातून काहीतरी बिघडतं." मग विचारलं, "डॉक्टरबाईंना सांगितलंस?"

"नाही."

"मग इथे आधी कशाला आलास? मी माफ करावं, आणि तू तिकडे तोंड दाखवायला मोकळा? वा रे इंटर सायन्स! आधी तिकडे जा."

रविवारी सकाळी मी डॉक्टरबाईंसमोर उभा राहिलो. त्यांनी ऐकून घेतलं, जुनी वही मागवली, त्या दोन खुणांवर बोट ठेवलं. त्यांनी फक्त विचारलं, "तिचा फोन आहे?"

मी समोर असतानाच त्यांनी फोन लावला. सोप्या, सावकाश हिब्रूत माफी मागितली. मग विचारलं, अर्क कसा काढत होतात, आणि उभ्याउभ्या लिहायला लागल्या. अडल्यावर रिसीव्हर माझ्या हातात दिला.

"तिला सांग," पलीकडून मावशी म्हणाल्या, "जागा आता मला नको. पण माल चांगला होता हे कागदावर लिहून दे म्हणावं, सहीनिशी, माझ्या पोरीला वाचता येईल असं. तो कागद न्यायला मी स्वतः येईन."

त्या आल्या, शब्बाथची साडी नेसून, मुलीला घेऊन. डॉक्टरबाईंनी कागद दिला. मुलीने तो मोठ्याने वाचला, मग आईचा हात धरला. मी कपाटातून ती जुनी फिल्म काढली. इतकी वर्षं तिथे काम करूनही मावशींना फिल्म कोणी दाखवली नव्हती. त्यांनी ती खिडकीसमोर धरली.

"यात माझं कुठलं?"

"इथे, मावशी. हे पट्टे आहेत ना, त्यांच्या शेजारी, जिथे काही दिसत नाही तिथे."

त्यांनी फिल्म डोळ्यांजवळ नेली, पुन्हा लांब धरली. डॉक्टरबाई त्यांच्या मागे उभ्या होत्या, त्याही तिकडेच बघत होत्या.

"थांब," मावशी म्हणाल्या, "चष्मा लावू दे मला."