आमच्या शोधनिबंधातलं गाळलेलं वाक्य

माणसाच्या घशात जिवंत मासा अडकतो, यावर माझ्या शहरातल्या मैत्रिणींचा विश्वास बसत नाही. आमच्या भागात गावागणिक तलाव. छातीभर पाण्यात उभं राहून जाळ्यातले मासे सोडवायचे, तर दोन्ही हात जाळ्यातच गुंतलेले. टोपली काठावर. मग हाती आलेला मासा दातांत धरायचा आणि दुसऱ्याला हात घालायचा. बापाने तेच केलं, आज्यानेही तेच केलं, कोणाला काही झालं नाही. एखाद्या वेळी मात्र दातांतला मासा बाहेर निसटण्याऐवजी आत निसटतो.

असाच एक पन्नाशीचा मच्छीमार एका सकाळी आमच्या रुग्णालयात आला. मोटारसायकलवर पुढे शेजारी, मध्ये हा आणि मागून त्याला कवेत धरून बसलेली त्याची बायको. बोलता येत नव्हतं, ओठ निळे पडत चालले होते आणि श्वास घेताना घशातून शिटी वाजत होती. त्या वेळी डॉक्टर म्हणून मी एकटीच होते. सोबतीला आमच्या सिस्टर. माझ्या डॉक्टरकीला जितकी वर्षं झाली, त्याच्या दुप्पट वर्षं त्यांनी याच वॉर्डात काढलेली. मी जिभेमागे उजेड टाकला, शेपटी दिसली, चिमट्यात धरली आणि ओढली.

ओढायला नको होती. त्या माशाच्या कल्ल्यांना आणि पाठीला काटे असतात. शेजारच्या मुलचेरा तालुक्यात वसलेली बंगाली मंडळी त्याला कोई म्हणतात आणि आवडीने खातात. तो डोक्याकडून आत शिरलेला असताना शेपटीकडून ओढला, की ते काटे उघडतात आणि मांसात रुततात. भळकन रक्त आलं. माणूस खाटेवरून उठून पळायला लागला. मी पुन्हा शेपटी धरली, तेवढ्यात दारातून त्याची बायको ओरडली.

"मांगं ओढू नोका बाई! आंदी पुढं ढकला, मंग काटे मिटते! जाळ्यातून आमी तसाच काढतो!"

माझं डोकं फिरलं. "तुम्ही बाहेर थांबा," मी खेकसले. सिस्टर मात्र तिला बाहेर काढायला जागच्या हलल्या नाहीत. रुग्णाचं डोकं धरून त्या शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, ते रोज काढते. आपन आज पयल्यांदा काढून राह्यलो."

मी मासा किंचित आत ढकलला. सिस्टरांनी दुसऱ्या चिमट्याने दोन्ही कल्ले दाबून धरले. मग तो तिरपा केला, तसा अलगद बाहेर आला आणि ट्रेमध्ये दोनदा उडाला. माणसाने जो श्वास घेतला, तो मला अजून ऐकू येतो. त्याची बायको दारातच खाली बसली.

तो बरा होऊन घरी गेला आणि माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. हे कुठेतरी छापून आलं पाहिजे. आसपासच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात असा रुग्ण कधी ना कधी येणार, आणि समोर शेपटी दिसली की कोणाचाही हात ती ओढणार. मी शिकले त्या पुस्तकांत याबद्दल एक ओळ नव्हती. पुढच्या डॉक्टरने दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा ओढलं आणि दारात कोणाची बायको नसली, तर माणूस जाईल. म्हणून मी केस रिपोर्ट, म्हणजे एकाच रुग्णावरचा छोटा शोधनिबंध, लिहायला बसले.

लिहिण्याआधीच मी लेखकांची यादी केली. तीही कशी, तर आपल्याकडे लग्नपत्रिकेत निमंत्रकांची करतात तशी. कोणी रुसायला नको. सर्वांत वर माझे नागपूरचे सर, ज्यांनी मला शिकवलं. मग आमचे वरिष्ठ, मग रजेवर असलेले सहकारी, मग प्रयोगशाळेतले, औषध देणारे, आणि ज्याचा या सगळ्याशी काही संबंध नाही असा एक बालरोगतज्ज्ञ, कारण तो माझ्या लग्नाला आला होता. शेवटच्या ओळीत सिस्टर. यादी सरांना पाठवली आणि कौतुकाची वाट बघत बसले.

सरांचा फोन आला. "मी तो मासा पाहिला का?" त्यांनी विचारलं.

"नाही सर, पण आदर म्हणून..."

"आदर असेल तर माझं नाव काढ. उद्या कोणी विचारलं की यातलं वाक्य खोटं का, तर मी काय सांगू? मला आमंत्रण आलं होतं म्हणून?"

मग त्यांनी मला, ज्यात छापायचं त्या वैद्यकीय नियतकालिकाचे नियम वाचायला लावले. ते मी तोवर नुसते चाळले होते. लेखक कोण, तर ज्याने काम केलं, ज्याने लिहिण्यात किंवा तपासण्यात हात लावला, ज्याने शेवटचा मसुदा वाचून होकार दिला आणि त्यातल्या शब्दाशब्दाची जबाबदारी घेतली. बाकीच्यांचे आभार मानायचे, तेही त्यांना विचारून. चाळणी लावली आणि एवढ्या मोठ्या वरातीतून दोघी उरलो. मी आणि सिस्टर.

"मी कायची लेखिका?" सिस्टर हसल्या. पण त्या दिवशी त्यांनी हजेरीपटावरची सहीसुद्धा वळणदार केली, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

पुढचे काही दिवस मी त्या नियमांशी भांडले. शीर्षकाचं पान वेगळं. त्यावरची नावं आतल्या पानांवर कुठेही दिसता कामा नयेत, म्हणजे तपासणाऱ्याला कळू नये की लिहिणारा कोण. ओळींमध्ये दुप्पट जागा. संदर्भांना आकडे द्यायचे, तेही मजकुरात येतील त्या क्रमाने. मी एक परिच्छेद वर सरकवला आणि सगळे आकडे कोलमडले. दुसऱ्याच्या लेखातली दोन वाक्यं आवडली म्हणून उचलली होती, ती पकडली जातील हे कळल्यावर निमूटपणे माझ्या शब्दांत लिहिली. फोटोत रुग्णाचे डोळे काळ्या पट्टीने झाकले होते. पण गळ्यातला ताईत आणि हनुवटीवरचं गोंदण बघून अर्ध्या गावाने त्याला ओळखलं असतं. तो फोटो रद्द केला. उरला तो ट्रेमधल्या माशाचा, शेजारी मोजपट्टी ठेवलेला. फोटो छापायला संमतीची सही लागते, हे कळल्यावर सिस्टरांनी विचारलं, "माशाची सही कोन घेईन?"

रिपोर्ट तयार झाला. इंग्रजीतला, म्हणून सिस्टरांना वाक्यावाक्याने मराठीत सांगायला बसले. लेखिका असल्याने त्यांनी शेवटचा मसुदा वाचून सही करायची होती. "घशात अडकलेला मासा चिमट्याच्या साहाय्याने यशस्वीपणे काढण्यात आला," असं मी वाचलं आणि पुढच्या वाक्याकडे वळले.

"थांबा मॅडम. मदातलं कुठी गेलं?"

"कोणतं मधलं?"

"आपन ओढला ना आंदी. रक्त आलं. मंग ते बाई वरडली."

मी म्हटलं, शब्दांची मर्यादा असते. हे खोटंच होतं, मर्यादेला अजून बरीच जागा होती. मग म्हटलं, त्याने काय फरक पडतो, माणूस वाचला ना? मग जरा आवाज चढवून म्हटलं, छापील चूक जन्मभर पाठ सोडत नाही, कोणी तक्रार केली तर उत्तर तुम्ही देणार का? खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती आणि लाजही. रुग्णाच्या बायकोला बाहेर काढायला निघालेली मी, हे जगाला कशाला सांगू?

सिस्टरांनी पेन टेबलावर ठेवलं. "मी सही नाई करत मॅडम. कोनाले सांगनार बी नाई, घाबरू नोका. पन सही नाई."

चार दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. मला त्यांचा राग आला होता, कारण त्या बरोबर होत्या. पाचव्या दिवशी मी तो रिपोर्ट परका समजून वाचला. त्यात काय होतं? एक मासा, एक चिमटा आणि एक हुशार डॉक्टरीण. वाचून पुढचा डॉक्टर काय करेल? शेपटी धरून ओढेल. ज्यासाठी लिहायला बसले, नेमकं तेच मी गाळलं होतं. मग मी वाक्य घातलं: मी प्रथम मासा शेपटीकडून ओढला, त्यामुळे काटे रुतले आणि रक्तस्राव झाला, असं करू नये. त्याखाली, ही पद्धत रुग्णाच्या पत्नीने सांगितली, हेही लिहिलं. सिस्टरांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि सही केली.

राहिली रुग्णाची संमती. ती नसेल तर सगळं केराच्या टोपलीत. आम्ही दोघी त्याच्या गावी गेलो, तेव्हा तो अंगणात जाळं सांधत बसला होता. मी संमतिपत्र वाचायला घेतलं. एवढं जड मराठी मीच लिहिलं होतं. दोन ओळींत त्याने सिस्टरांकडे बघितलं आणि पुढचं सगळं सिस्टरांनीच त्याच्या बोलीत सांगितलं. नाव येणार नाही. गावाचं नाव येणार नाही. तरीही कोणी ओळखणारच नाही याची हमी देता येत नाही. नाही म्हणालात तर तुमच्या इलाजात काही फरक पडणार नाही.

"मंग नाईच," तो म्हणाला. "आताच लोकं हासून राह्यले मले. मासे धरनाऱ्यालेच माशानं धरलं म्हनते. आनिक कागदावर कायले?"

मी कागद घडी करून पर्समध्ये टाकले. आग्रह करायचा नाही, हाही नियमच. तेवढ्यात चुलीपाशी बसलेली त्याची बायको म्हणाली, "पन लिवलं काय त्यात, ते तं सांगा."

मी सांगू लागले. मासा, तलाव, श्वास. मग ते वाक्य आलं. इंग्रजीत लिहायला सोपं गेलं होतं. त्या अंगणात, त्या बाईसमोर मराठीत उच्चारायला जड गेलं. मी ओढला, माझी चूक झाली, आणि यांच्या सांगण्याने हे वाचले.

त्याने जाळ्यातून हात काढला. "हे बी लिवलं? तुमची चूक?"

"लिहिलं भाऊ."

"आन वरते नाव कोनाचं?"

"माझं. पूर्ण नाव, दवाखान्यासकट."

त्याने जाळं बाजूला ठेवलं. "तुमी सोताच्या चुकीवर नाव टाकता, आन माहं तं नावबी नाई म्हनता त्यात. मंग मी काऊन लाजू? आना इकडं."

त्याने सही केली. आभाराच्या ओळीत त्याच्या बायकोचं नाव घालावं असं मला फार वाटत होतं. पण तिचं नाव आलं की त्याचं उघड होणार. तिला विचारलं, नुसतं 'पत्नी' लिहिलं तर चालेल का?

"लिवा ना बाई. पत्नी तं घरोघरी हाये," ती म्हणाली आणि आम्हाला चहा दिला.

रिपोर्ट दोनदा परत आला, एकदा संदर्भांच्या क्रमासाठी आणि एकदा रुग्णालयाच्या परवानगीच्या पत्रासाठी. शेवटी छापला गेला. मी त्याची प्रत आमच्या आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. सात-आठ जणांनी अंगठ्याचं चिन्ह पाठवलं आणि खाली लगेच कोणीतरी वाढदिवसाच्या शुभेच्छा टाकल्या. मी समजून गेले की कोणी वाचलेलं नाही.

काही महिन्यांनी बाह्यरुग्ण विभागाची गर्दी ओसरत असताना फोन आला. मुलचेऱ्याकडच्या एका आरोग्य केंद्रातला नवा डॉक्टर होता. मी त्याला ओळखत नव्हते. त्याला धाप लागलेली.

"मॅडम, आज कोई मासा अडकलेला पेशंट आला होता. मी चिमटा शेपटीला लावला होता. ओढणारच होतो." तो थांबला. "मग तुमचं ते वाक्य आठवलं. पुढे ढकलला आधी. निघाला, मॅडम. रक्तसुद्धा नाही आलं."

डोळे भरून आले आणि रांगेतली माणसं बघत होती, तरी मी ते पुसले नाहीत. "ते वाक्य माझं नाही," मी कसंबसं म्हटलं. "ज्यांनी ते घालायला लावलं, त्यांना फोन देते."

सिस्टर ड्रेसिंग करत होत्या. हात धुऊन त्यांनी फोन घेतला, मासा कसा काढला ते ऐकून घेतलं, आणि आभारबिभार न ऐकता त्याला मध्येच तोडून विचारलं, "थे ऱ्हाऊ द्या सर. पेशंट बोलून राह्यला का?"