मुलीकडची अपेक्षा

समाजाच्या वधू-वर मंडळाचा कॉम्प्युटर प्रोग्राम मी फुकटात लिहून दिला होता. नव्वदचं दशक संपत आलेलं. जळगावात नवी पेठेतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायचे, आणि जावा नवीनच शिकल्यामुळे हात नुसते शिवशिवत होते. मेळाव्यात कॉम्प्युटरवर स्थळं बघायची म्हणजे काय थाट! वडील तर गल्लीभर सांगत सुटले.

'उमेदवार' नावाचा एक क्लास, म्हणजे प्रोग्राममधला साचा, केला, त्याच्यापासून 'मुलगा' आणि 'मुलगी' असे दोन. नाव, गाव, शिक्षण दोघांना सारखंच. अपेक्षांची यादी मात्र ज्याची त्याची. स्क्रीनवरचा ड्रॉपडाउन बिचारा स्वतः काही ठरवत नाही. त्याला यादी द्यायची, तो एकेक उचलून दाखवतो. यादीत नसेल ते माउस आपटलात तरी दिसणार नाही.

याद्या मंडळाच्या अध्यक्षांनी सांगायच्या होत्या. त्यांना सगळे नाना म्हणत. मूळचे धुळ्याकडचे, मनाने चांगले. मुलाच्या अपेक्षा सांगता सांगता त्यांना दम लागला. गोरी, उंच, सुगरण, इंग्रजी येणारी, एकत्र कुटुंबात रमणारी, काय न् काय. मुलीच्या म्हटल्यावर थांबले.

"निर्व्यसनी लिही. आणि बागायती नाहीतर कायम नोकरी."

"नाना, 'लग्नानंतर नोकरी करणार' असं एक टाकू?"

नाना हसले. "अगं पोरी, आधीच असं म्हटलं तर स्थळ उंबऱ्याशीही यायचं नाही. ते लग्न झाल्यावर आपसांत ठरतं." मग स्क्रीनकडे बघत आपल्या अहिराणीत म्हणाले, "बठ्ठं बराबर शे. आते काही घालू नको."

सगळं बरोबर आहे, आता काही घालायचं नाही. मी मान डोलावली. एक ओळ होती हो! यादीत एक ओळ वाढवली असती, तर ड्रॉपडाउनने ती मुकाट्याने दाखवली असती. नानांना साधा माउस धरता यायचा नाही, त्यांना काय कळणार होतं? पण मोठ्यांनी नको म्हटलं की नको, हे अंगात इतकं मुरलेलं की बोटं हललीच नाहीत.

मेळाव्यात कॉम्प्युटरपाशी मीच बसले. ऐन गर्दीत वडील आले, म्हणाले, "आता आपलाही भर." माझी माहिती मीच भरत अपेक्षांपर्यंत आले आणि ड्रॉपडाउन उघडला. मला शिकवणं सोडायचं नव्हतं. एवढंच मागायचं होतं, आणि ते मागायला माझ्याच प्रोग्राममध्ये जागा नव्हती. वडील मागून म्हणाले, "दाब ना एखादं, लोक उभे आहेत." दाबलं. निर्व्यसनी.

प्रिंटरमधून माझ्या माहितीचा कागद निघाला आणि त्याच कागदावरून दोंडाईच्याचं स्थळ आलं. बियाण्यांचं दुकान, माणसं साधी, मुलगा शांत. लग्नाला महिनाही झाला नसेल, सासूबाईंनी सांगून टाकलं, "आपल्याकडे सुना बाहेर कामाला जात नाहीत." मी रडले, भांडी आदळली, मग गप्प बसले. जळगावच्या क्लासने माझ्या जागी दुसरी मुलगी घेतली. राग सगळा नवऱ्यावर धरला. ह्यांनीच आईला पढवलं असणार, असं पक्कं डोक्यात बसलं होतं.

बऱ्याच वर्षांनी एका दुपारी जेवताना कशावरून तरी ठिणगी पडली आणि मी बोलून गेले, "नोकरी करू देणार नव्हतात, तर आधीच सांगायचं होतं!"

ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. "मला विचारलं कुणी? तुमच्या कागदावर नोकरीचं काहीच नव्हतं. मला वाटलं, तुलाच नको असेल."

"आणि असतं तर?"

"तर बोलणी चालू असतानाच आईला सांगितलं असतं. तेव्हा सगळं ठरवता येतं. एकदा ती नाही म्हणाल्यावर मी कसा बोलणार होतो?" मग म्हणाले, "मी हो म्हटलं असतं गं."

त्यांना खोटं बोलता येत नाही, हे एव्हाना मला माहीत होतं. ते नाहीच म्हणाले असते, या समजुतीवर मी इतकी वर्षं काढली होती. आता तीही गेली.