अख्खा आक्सल की सुटी चाकं?

गॅरेजात दोन गोष्टी न मागता साचतात: काळं तेल आणि किस्से. तेल निदान बैलगाडीच्या कण्याला तरी लावता येतं. किस्से मात्र चार माणसं चहाला बसली की बाहेर काढावेच लागतात!

मी सांगलीत मिरज रस्त्यावर, उस्मानमिस्त्रीच्या गॅरेजात ट्रकांच्या लाकडी बॉड्या बांधायचो. जर्मनची लढाई नुकतीच संपली होती. लष्कराच्या जुन्या गाड्या लिलावात निघत होत्या आणि आमच्याकडे रोज एक नवा शहाणा येत होता.

त्यात धोंडीराम मात्र मला आवडायचा. वडूजकडचा, लष्करात ड्रायव्हर होता. घरची बैलजोडी विकून ट्रक घ्यायला आला होता. मिस्त्रीकडे दोन गाड्या उभ्या होत्या. एकीला पुढं अख्खा आक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना एकच कणा, आणि स्प्रिंगेच्या जागी पोलादी पाटे. एक चाक दगडावर चढलं की दुसरंही हलणार. दुसरीची पुढची चाकं सुटी, प्रत्येकाला आपापली स्प्रिंग. एक खड्ड्यात गेलं तरी दुसऱ्याला पत्ता नाही. निवड चुकली तर बैल काही परत येणार नव्हते.

*

धोंडीरामचे वडील तात्या आयुष्यभर बाजारात बैल पारखत आलेले. त्यांनी दोन्ही गाड्यांभोवती फेरी मारली, थापट्या मारल्या, वाकून पाय बघितले. सुट्या चाकांच्या गाडीपाशी थांबून म्हणाले, "मिस्त्री, हे डाव्या पायात लंगडतंय. रोग हाय!"

मिस्त्रीनं बघितलं तर टायरातली हवा गेलेली. पंप मारला, गाडी वर आली.

तात्या खूश झाले. "आता कसं चार घास खाल्ल्यागत दिसतंय!"

*

वजन घालून चालवल्याशिवाय गाडी कळत नाही. गुऱ्हाळं अजून लागली नव्हती, मग भरायचं काय? मिस्त्रीनं शेजारच्या तालमीतले आठ पैलवान आणि त्यांचे वस्ताद आणून बसवले.

आधी सुट्या चाकांची गाडी निघाली. वाटेत मारुतीचं देऊळ. पैलवान मारुतीला हात जोडल्याशिवाय पुढं जाईल होय? सगळे एकदम उठून डावीकडं आले आणि गाडी अशी कलली की धोंडीरामनं आवरेपर्यंत तिचं नाक देवळाच्या पायरीला!

"गड्या," मिस्त्री म्हणाला, "गाडीबी पाया पडली!"

अख्ख्या आक्सलची गाडी देवळासमोरून नाकासमोर गेली. फक्त दणक्यानं वस्तादांची जीभ चावली. त्यामुळं तालमीत दोन दिवस फार शांतता होती म्हणे.

*

धोंडीराम ज्यांचा माल नेणार होता ते आदगोंडाआण्णा, हळद-गुळाचे व्यापारी. त्यांचं एकच म्हणणं, "कंचीबी घ्या, माझी ढेप फुटाय नगं." त्यासाठी दोन्ही फेऱ्यांत त्यांनी मागं दुधानं भरलेला तांब्या ठेवला होता.

अख्ख्या आक्सलच्या गाडीत दूध निम्मं सांडलं. सुट्या चाकांच्या गाडीत तांब्याचा तळ कोरडा!

"ही तर लय धसमुसळी हाय!" आण्णा हादरले.

मी पैलवानांकडं बघितलं. एकाच्या मिशीला साय लागली होती.

*

मिस्त्रीचं मत ठरलेलं होतं. "सुट्या चाकांचं काम नाजूक हाय रं. वडूजच्या माळावर मोडली तर पार्ट कुठनं आणशील? पाटा मोडला तर गावचा लोहार ठोकून देतोय."

धोंडीराम मात्र सुट्या चाकांच्या मऊ गाडीसाठी हट्टच धरून बसला. मला त्याचा राग यायला लागला.

मग एकदा त्याची टोपी खाली पडली. तो वाकला नाही. पायानं सरकवत भिंतीपाशी नेली आणि भिंत धरून हळूहळू खाली बसला. लढाईत गाडी उलटून त्याची पाठ गेली होती. दणके सोसवत नव्हते.

"घरी बोलू नगंसा," तो म्हणाला. "बैल गेल्यात. आता डायवरच मोडका हाय म्हनून कसं सांगू?"

फार वाईट वाटलं. मी कुणाला बोललो नाही.

*

ठरवायच्या दिवशी तात्यांबरोबर धोंडीरामची बायको येसू आली. मिस्त्रीनं विचारलं, "बोल, कंची?" धोंडीरामनं मऊ गाडीकडं बघितलं.

"मी दोन्हीत बसून बघती," येसू म्हणाली.

आधी मऊ गाडी झाली, मग दणकट. मी मागं फळीवर बसून बघत होतो. बाई रस्त्याकडं बघतच नव्हती, नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती.

परत आल्यावर ती उतरली. "हीच घ्या. दणकट हाय."

धोंडीरामचा चेहरा पडला. येसूनं पदर खोचला, गाडीला वळसा घातला आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं.

"सरका तिकडं."

"अगं, बाईमानूस गाडी हाकतंय व्हय कवा?" तात्या ओरडले.

"आवं मामंजी, ह्ये लढाईवर हुते तवा मोट कुनी हाकली? हिरीकडं बैल मागं सारत कोन आनत हुतं?"

तात्या खांद्यावरचं घोंगडं सारखं करायला लागले. धोंडीराम दाराला धरून हळूहळू पलीकडं सरकला. येसूनं बोचक्यातली वाकळ काढली, घडी घालून त्याच्या पाठीमागं नीट सारली आणि स्टेअरिंगचं चाक धरून मिस्त्रीकडं बघितलं.

"हं. पयलं काय दाबायचं?"