मामा खिडकीतून ‘पुढचे, या’ का म्हणत नसे

ऑब्रीमामा गेला त्याला आता महिना होईल. पेपरात चार ओळी आल्या. कॅप्टन ऑब्री टिंडल, मिलिटरी क्रॉस, पूर्वी बँकेत कारकून. एवढंच. ते वाचून मला चैन पडेना, कारण मधलं काहीच मला माहीत नव्हतं. बँकेतला माणूस कॅप्टन होतो कसा, आणि कॅप्टन झालेला माणूस परत येऊन त्याच स्टुलावर बसतो कसा? मामाला विचारलं की म्हणायचा, "चहा टाकतेस का?" आता तो नाही, तर ज्यांना माहीत आहे त्यांना विचारत सुटले. एफीमामीला विचारलं, आणि डिनी रॅफर्टीला. डिनी मामाच्या तुकडीत होता, त्याआधी आणि त्यानंतर सगळा जन्म मेंढ्या कातरण्यात गेला त्याचा.

मामी सांगते, मामा सोळाव्या वर्षी बँकेत लागला, इथेच वेरंगात. झोपायचाही बँकेतच, मागच्या खोलीत, उशाखाली बँकेचं पिस्तूल. चोर काही आला नाही. एकदा धुराड्यातून पोसम, म्हणजे मांजराएवढा झाडावरचा प्राणी, खाली पडला तेव्हा मामा पिस्तूल विसरला आणि उशी घेऊन त्याच्या मागे धावला.

मग चौदा सालची लढाई लागली. बँकेला विचारून भरती झाला. इजिप्तच्या वाळूत कवायत केली, तिथून फ्रान्स. साधा शिपाई म्हणून गेला होता. वरचे साहेब मरत गेले तसा हा वर चढत गेला.

"पण यालाच का साहेब केलं?" मी डिनीला विचारलं.

"याला घाई म्हणून नव्हती, पोरी. मागे माणसं बोंबलत असली तरी हा आपला शांत. आम्ही चिडवायचो, अरे बँकवाल्या, उरक लवकर, तीनला बंद होते तुझी बँक."

त्या मिलिटरी क्रॉस पदकाचं मात्र त्याला तीनदा विचारावं लागलं. चौथ्यांदा बियर पुढे ठेवली तेव्हा बोलला.

एका शेतघराची भिंत होती आणि तिला खिंडार पडलेलं. पलीकडच्या खड्ड्यात पोचलं की वाचलात, पण खिंडारावर जर्मनांची मशीनगन लागलेली. मामा कडेला उभा राहून कान देऊन ऐकत होता. गन थांबली की अगदी बँकेच्या काउंटरवरच्या आवाजात म्हणायचा, "पुढचे, या." एक जण पळायचा. परत गन. परत थांबली. "पुढचे, या."

"सैन्यात आम्हाला कोण 'या' म्हणतंय?" डिनी म्हणाला. "हसूच यायचं. मी तर हसत हसत पळालो. सगळी तुकडी काढली त्याने तिथून. एक सोडून."

तो एक म्हणजे वॉली ट्रेगो, टास्मानियाचा. मामा म्हणाला पुढचे, या. वॉली निघाला, आणि गन या वेळी थांबल्यासारखी करून लगेच सुरू झाली. मामा तसाच उघड्यावर गेला, त्याला खांद्यावर टाकून खड्ड्यात आणलं. पदक मिळालं ते त्याबद्दल. वॉली संध्याकाळपर्यंत होता, मग गेला.

"मामा काय म्हणाला?"

"काय म्हणणार? पुढल्या वेळेपासून हाताने खुणावायला लागला."

मग मला कळलं मामी काय सांगत होती ते. लढाईनंतर मामा कॅप्टन होऊन आला आणि त्याच खिडकीत बसला. एफी वॉरबर्टनशी लग्न ठरलेलं, पण बँकेचा नियम होता, ठरावीक पगार झाल्याशिवाय कारकुनाने लग्न करायचं नाही. बढती मिळाली तरच पगार वाढणार, आणि बढती मेलबर्नहून येणाऱ्या तपासनीसाच्या हातात. त्याच्याकडे तक्रार गेलेली, टिंडल गिऱ्हाइकाला बोलावत नाही, नुसता हात वर करतो, म्हाताऱ्यांना दिसत नाही.

तपासनीस आला तेव्हा मामी वडिलांच्या दुकानाचे पैसे भरायला रांगेत होती. तो मामाच्या शेजारी उभा राहिला.

"टिंडल, जीभ आहे ना तुम्हाला? पुढचे या, एवढंच म्हणायचं. म्हणा. शिफारस आजच लिहितो."

मामी म्हणते, "मी मनात म्हणत होते, म्हण रे बाबा, दोन शब्द तर आहेत."

मामाने मान वर केली आणि म्हणाला, "मिसेस फॉकनर." त्या पुढे आल्या. मग "मिस्टर हेंटी." मग कोणी फिरता विक्रेता होता, मामाने त्याला लांबूनच नाव विचारलं आणि त्या नावाने बोलावलं. तपासनीस म्हणाला, "मेलबर्नला असं कराल? तिथे रोज शेकडो येतात."

"तर शेकडोंना विचारीन," मामा म्हणाला, आणि मग, "मिस वॉरबर्टन."

मामी पुढे झाली. पैसे ठेवले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "या नावाने अजून किती वर्षं हाक मारायचा विचार आहे, ऑब्री?"

रांग हसली. तपासनीस हसला नाही. शिफारस लिहिलीच नाही.

त्यांनी शनिवारी लग्न लावलं, बँकेला न विचारता. रविवारी दुपारी मॅनेजर स्नेडन स्वतः घरी आले. मामीने लग्नातला केक कापला. स्नेडननी दोन तुकडे खाल्ले, हवापाणी झालं, गव्हाचं झालं, टोपी या गुडघ्यावरून त्या गुडघ्यावर झाली.

"टिंडल, मी ज्यासाठी आलो..."

"माहीत आहे, साहेब," मामा म्हणाला. "अजून एक घ्या."

बँकेच्या किल्ल्या देऊन त्यांना फाटकापर्यंत सोडून आला.

"तुला भीती नाही वाटली?" मी मामीला विचारलं. "नवरा बेकार, लग्नाला एक दिवस झालेला."

"वाटली की. रात्रभर तळमळत होते. आणि हा सोमवारी दहापर्यंत घोरत पडलेला. फ्रान्सहून आल्यापासून तसा झोपला नव्हता म्हणे. मी उठवलाच नाही. बाबांच्या दुकानात जाऊन म्हटलं, याला काहीतरी काम द्या, पण आज नको."