मामंजींची धोतरं मी धुवायची

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या घरात तेव्हा सून सासऱ्याशी बोलत नसे. मी चुलीकडं तोंड करून म्हणायची, "चहा झालाय बाई," की मामंजी ओसरीवरून आत यायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. त्यामुळं घरात बाईमाणूस मी एकटीच, आणि धुणंही माझंच.

त्या वर्षी मामंजी लघवीला सारखे उठू लागले. आडोशाला गेले की लय वेळ लागायचा. ताडकळसच्या बाजारात सोबतचे थट्टा करायचे, "दादा, तेवढ्यात आमची बैलं पाणी पिऊन आली की." तेही हसायचे. मग त्यांनी बाजारच सोडला. आमचे मालक म्हणाले, वय झालंय, उन्हाळी लागली असेल. मी धन्या-जिऱ्याचं पाणी करून उंबऱ्यावर ठेवायची.

दिवाळीनंतर एकदा धोतर माझ्याकडं ओलंच आलं, आधीच खळबळलेलं. उन्हात धरलं तर फिकट तांबूस डाग. रक्ताचा डाग बाईला सांगावा लागत न्हाई. मालकांना सांगायचं म्हणजे सासऱ्याचं असलं काही मी पाहिलं, हे कबूल करायचं. मला लाज वाटली. साबणानं चोळून डाग काढला. पुढं चार महिने तेच केलं.

मग त्यांची कंबर धरली. होळीच्या सुमारास लघवी पुरती अडली, तेव्हा एसटीनं परभणीला दवाखान्यात नेलं. तिथं नळी घातली. डॉक्टरांनी विचारलं, रक्त कधीपासून जातंय? मालक म्हणाले, रक्त कधीच न्हाई. मामंजी छताकडं बघत राहिले. मी पदर ओढून दाराशी उभी.

पुरुषांना मूत्राशयाखाली एक ग्रंथी असते. तिथला कॅन्सर हाडात उतरला होता. आधी आणलं असतं तर निदान एवढं दुखलं नसतं, डॉक्टर म्हणाले.

नर्सबाईंनी मला शिकवलं: लघवीची पिशवी कमरेच्या खाली ठेवायची, नळीला पीळ पडू द्यायचा न्हाई, पाणी पाजत राहायचं, कूस बदलताना अंगाला हिसका बसू द्यायचा न्हाई. घरी पहिल्या दिवशी मी डोळे मिटून नळी पुसली. दुसऱ्या दिवशी उघडले. असलं काम अंदाजानं होत न्हाई.

एका दुपारी कूस बदलताना मामंजी पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"धोतर तूच धुवायचीस. तुला दिसलं व्हतं ना?"

"व्हय, मामा."

"मी आधी आडावर खळबळून टाकायचो. म्हणलं, सुनंच्या नजरंला कशाला."

मला रडू फुटलं. तू बोलायचं होतंस, असं ते म्हणाले न्हाईत. म्हणले असते तर बरं वाटलं असतं.

त्या दिवसापासून आमी बोलू लागलो. कुठं दुखायलंय, पाणी देऊ का, कापूस कुठल्या रानात टाकायचा, सगळं तोंडावर. पेरणीच्या आत ते गेले. मोजून दोन महिने बोललो असू.