आमची बाग फोटोपुरतीच होती

मित्रांनो, आज फार फसवल्यासारखं वाटतंय.

नगरच्या एका पुनर्वसन केंद्रात मी रुग्णांसाठी विरंगुळ्याचे उपक्रम आखते. पक्षाघातानं अडलेले हात चालावेत म्हणून अंगणात कुंड्यांची बाग केली. बाग कायम राहील, असा शब्द व्यवस्थापकांनी दिला होता. पाथर्डीच्या भामाबाईंनी लुळ्या हातानं मेथी पेरली आणि ती उगवलीही.

आज केंद्राला देणगी देणारे पाहुणे आले, बागेचे फोटो काढून गेले. लगेच व्यवस्थापकांनी कुंड्या टेम्पोत भरायला लावल्या.

"फोटो झाले ना मॅडम? आता इथं गाड्या लावायच्यात."

भामाबाईंनी मला विचारलं, "ताई, तुमाला ठावं हुतं व्हय?"

"नाही हो," मी म्हणाले. त्यांनी तोंड फिरवलं.

सांगा, उद्या त्यांच्यासमोर कोणत्या तोंडानं जाऊ?